धावणाऱ्या लेकीचे ताट

मार्गशीर्षातील संध्याकाळ. पांढरकवड्याच्या बाजारपेठेत कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग अजून सरलेली नसते, आणि नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर मालमोटारींचे दिवे एकेक करून लागू लागतात. सूर्य साडेपाचच्या पुढेमागे मावळतो. घरी चौविहाराची वेळ टळू नये म्हणून आजीने नातीचे ताट वाढून ठेवलेले असते. नात मात्र अजून मैदानावरच असते. तिचा सराव पाचला सुरू होतो आणि साडेसहाला संपतो. ती घरी पोहोचते तेव्हा ताट उचललेले असते. तक्रारीचा एक शब्दही न काढता ती हातपाय धुते, अभ्यासाला बसते आणि दुसऱ्या दिवशी नवकारसीची वेळ होण्यापूर्वीच पुन्हा धावायला जाते.

घरातल्या सर्वांना तिचे कौतुक वाटते, आणि ते रास्तच आहे. तथापि या दिवसाचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे. शाळेतील डबा तिने दुपारी एक वाजता खाल्ला. या दिवसांत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे सुमारे साडेसातला नवकारसी येते. दुपारचा एक ते सकाळचे साडेसात, म्हणजे साडेअठरा तास. या साडेअठरा तासांत तिच्या पोटात काही गेले नाही आणि दोन सराव मात्र झाले. हा उपवास कोणी ठरविला नव्हता, त्याचे पच्चक्खाण कोणी घेतले नव्हते आणि त्याचे पारणेही कधी होत नाही. तो केवळ वेळापत्रकातून घडतो आणि दररोज घडतो.

मुली खेळू लागल्या ही आनंदाची गोष्ट आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृती मंधाना होती. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय मुलींनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जिंकला. व्यापारी घरांतील मुलीही आता दुकानाच्या ओट्यावरून केवळ खेळ पाहत नाहीत. त्या मैदानात उतरतात. अशा वेळी त्यांच्या शरीराचा जमाखर्च समजून घेणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

शरीराची खतावणी

व्यापाऱ्याला जमाखर्च समजावून सांगावा लागत नाही. शरीराचाही असाच एक हिशेब असतो. अन्नातून मिळालेली ऊर्जा ही जमा. त्यातून व्यायामाचा खर्च वजा केला की जे उरते, त्यावर उर्वरित सारे घर चालवावे लागते: हृदय, मेंदू, रोगप्रतिकार, हाडांची वाढ, मासिक पाळी. या शिलकीला क्रीडावैद्यक ‘ऊर्जा उपलब्धता’ म्हणते. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ती दिवसाला सुमारे ४५ कॅलरी असावी, असे मानले जाते. ती ३० च्या खाली गेली की अनेक जणींच्या शरीरातील संप्रेरकांचे चक्र बिघडू लागते. ही काटेकोर सीमारेषा नव्हे. कोणाला आधी त्रास होतो, कोणाला उशिरा. शिवाय हे आकडे मुख्यतः प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासातून आलेले आहेत. वाढत्या वयाच्या मुलीला वाढीसाठीही वेगळी जमा लागते.

एक उदाहरण घेऊ. मुलीचे वजन ४५ किलो असून त्यात चरबीचा भाग पंचमांश आहे असे मानले, तर उरले ३६ किलो. दिवसभरात ती १,६०० कॅलरींचे अन्न घेते. दोन वेळच्या सरावात ५०० कॅलरी खर्च होतात. शिल्लक १,१००, तिला ३६ ने भागले तर साडेतीसच्या आसपास आकडा येतो. म्हणजे ‘व्यवस्थित जेवते हो आमची मुलगी’ असे जिच्याविषयी आई विश्वासाने सांगते, ती मुलगी धोक्याच्या उंबरठ्यावर उभी असते. तिचे अन्न कमी झालेले नसते. खर्च वाढलेला असतो आणि जमा जुनीच राहिलेली असते.

तूट पडली की शरीर शहाण्या दुकानदारासारखे वागते. तातडीचे देणे ते आधी भागवते आणि ज्याची मागणी लगेच होणार नाही असे देणे थकवीत जाते. श्वास आणि हृदय चालू राहतात. पाळी लांबते, हाडांत भर पडणे थांबते, जखम उशिरा भरते, सर्दी-ताप वारंवार येतो, झोप आणि स्वभाव बिघडतो. वजन मात्र पुष्कळदा फारसे कमी होत नाही, कारण शरीर खर्चातच काटकसर करते. म्हणून वजनकाट्यावरून ही तूट ओळखता येत नाही.

क्रीडावैद्यकाने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने ओळखला. १९९२ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी अपुरा आहार, थांबलेली पाळी आणि ठिसूळ झालेली हाडे हे खेळाडू स्त्रियांत एकत्र आढळणारे त्रिकूट म्हणून मांडले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता’ असे व्यापक नाव दिले आणि २०२३ मध्ये त्यावरील मार्गदर्शन पुन्हा अद्ययावत केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला ‘रेड-एस’ म्हणतात.

एक शतांश सेकंद आणि पाच मोडलेली हाडे

८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा चौथी आली. तिची वेळ ५५.४२ सेकंद होती. कांस्यपदक मिळविणाऱ्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. पुढे अनेक वर्षांनी एका मुलाखतीत उषाने सांगितले की, तेथील अन्न मानवत नसल्याने तिला तांदळाची पेज आणि लोणचे यांवर दिवस काढावे लागले आणि अखेरच्या ३५ मीटरांत तिची शक्ती टिकली नाही. एक शतांश सेकंद म्हणजे पापणी लवण्याच्याही आतला काळ. तो कशामुळे हुकला हे कोणी सिद्ध करू शकणार नाही; पण धावणारीला स्वतःला ते ताटात दिसले, हे विसरता येत नाही. त्यानंतर ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी दुसरी भारतीय स्त्री मिळण्यास बत्तीस वर्षे लागली. ती साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर. २०१६ मध्ये रिओ येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला आणि अंतिम फेरीत दहावी आली.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या पंधराशे मीटरच्या अंतिम फेरीत धावली. तिच्यापासून मोठ्या अपेक्षा होत्या. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले की, वजन घटविण्याच्या सततच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षे बंद राहिली आणि तिची पाच हाडे मोडली. जगातील उत्तम साधने हाताशी असतानाही हे घडले. तेव्हा हा प्रश्न गरिबीचा नाही, तसा श्रीमंतीनेही तो सुटत नाही. ‘हलकी झाली की वेगाने धावेल’ या अर्धसत्यावर ज्यांचा विश्वास बसतो, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे.

हाडांचे भांडवल

मुलीच्या हाडांत खनिजांची सर्वाधिक भर साधारण साडेबाराव्या वर्षाच्या आसपास पडते. प्रौढपणी जो हाडांचा साठा असतो, त्याचा सुमारे चौथा भाग या वयाच्या मागेपुढे असलेल्या दोनच वर्षांत जमा होतो आणि विशीपर्यंत बहुतेक साठा पूर्ण होतो. त्यानंतर आयुष्यभर त्या भांडवलावरच निर्वाह करायचा असतो. म्हणून शाळकरी वयात पडलेली तूट चाळिशीनंतर कंबरदुखीच्या आणि साठीनंतर मोडलेल्या खुब्याच्या रूपाने पुन्हा समोर येऊ शकते.

हाड ही मृत वस्तू नव्हे. धावताना त्यावर पडणाऱ्या प्रत्येक आघाताने सूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. भरताना हाड पूर्वीपेक्षा बळकट होते. झीज रोज, भरणा मात्र अपुरा, असे झाले की नडगीत किंवा पाऊलाच्या हाडात केसासारखा बारीक तडा जातो. अतिवापराच्या दुखापती याच मार्गाने येतात. पडल्याचे, मुरगळल्याचे निमित्त लागत नाही. आरंभी सरावाच्या शेवटी दुखते, मग सुरुवातीपासून दुखते, नंतर चालतानाही दुखते. अशा वेळी काढलेल्या एक्स-रेमध्ये पहिले दोन-तीन आठवडे पुष्कळदा काहीच दिसत नाही. म्हणून ‘फोटो चांगला आला’ एवढ्यावर समाधान न मानता, हाडावर एका ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. एमआरआयमध्ये असा तडा लवकर कळतो.

वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीभोवती, वाटीखालच्या उंचवट्यावर आणि टाचेच्या मागे होणारे दुखणेही याच जातीचे. हाडे वेगाने लांब होतात आणि त्यांना जोडलेले स्नायू तितक्या त्वरेने सैल होत नाहीत. त्यात उड्या आणि एकाएकी वळणे यांची भर पडते. पांढरकवड्याच्या परिसरातील काळी माती उन्हाळ्यात वाळून दगडासारखी कठीण होते, भेगाळते. डांबरी रस्ता त्याहून कठीण. खो-खोतील झटके, कबड्डीतील ओढाताण आणि पोलीस भरतीच्या ध्येयाने महामार्गाच्या कडेने केलेली रोजची धाव, या साऱ्यांचा भार त्याच नडग्यांवर पडतो.

या दुखापती टाळण्याचे नियम साधे आहेत. मुलीचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास एका आठवड्यात सराव नसावा. तेरा वर्षांच्या मुलीला तेरा तास पुष्कळ झाले. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. वर्षातून दोन-तीन महिने, सलग नव्हे तरी तुकड्यातुकड्यांनी, मुख्य खेळापासून सुट्टी असावी आणि त्या काळात पोहणे, सायकल किंवा दुसरा एखादा खेळ असावा. सुट्टीनंतर परतताना अंतर हळूहळू वाढवावे.

सरावापूर्वीच्या तयारीचेही मोल मोठे आहे. नॉर्वेतील १२५ फुटबॉल क्लबांच्या १३ ते १७ वर्षांच्या सुमारे एकोणीसशे मुलींवरील अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संघांनी सरावाआधी वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम केले (हलकी धाव, तोल, मांड्या व पोटाचे बळ, गुडघा आत न वळविता उडी मारून उतरणे), त्या संघांतील मुलींत अतिवापराच्या दुखापती आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. या व्यायामांना यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. प्रशिक्षकाचा आग्रह मात्र लागतो.

दुसरा डबा

आहाराच्या प्रश्नावर जैन घरात एक शंका हटकून निघते: आपल्या आहारनियमांत राहून मुलीला खेळाडू करता येईल काय? उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. कंदमुळे वर्ज्य असल्याने कोणत्याही पोषकाची उणीव राहत नाही. ज्वारी, तांदूळ, गहू, केळी यांतून मिळणारी ऊर्जा बटाट्याहून कमी नाही. प्रथिनांसाठी डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध आणि पनीर आहेत. ४५ किलो वजनाच्या खेळाडू मुलीला दिवसाला साधारण ५५ ते ७० ग्रॅम प्रथिने पुरतात. एक पेला दूध सुमारे ८ ग्रॅम देते, मूठभर शेंगदाणे ७ ते ८, पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीचे वरण ११ ते १२. दोन पेले दुधातून सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. उरलेला भाग भाकरी, पोळी आणि भाजी भरून काढतात. द्विदलाचा नियम सांभाळूनही दिवसभराची विभागणी सहज बसते. फाल्गुन चौमासीनंतर खजूर, तीळ आणि पालेभाजी वर्ज्य मानणाऱ्या घरांत शेंगदाणे, फुटाणे आणि राजगिऱ्याचे लाडू ती जागा घेऊ शकतात.

दोन गोष्टींकडे मात्र डोळेझाक नसावी. पहिली लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. वनस्पतीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. लिंबू किंवा आवळा सोबत असला की ते अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारात ते दुग्धजन्य पदार्थांतूनच मिळते. म्हणून खेळणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि बी-१२ यांची तपासणी वर्षातून एकदा करून घेणे शहाणपणाचे.

खरा प्रश्न काय खावे याचा नसून केव्हा खावे याचा आहे. सरावापूर्वी थोडे इंधन आणि सरावानंतर तासाभरात पोटभर अन्न, हा शरीराचा नियम. सूर्यास्तापूर्वी भोजन, हा घराचा नियम. दोहोंचा मेळ घालण्याचा मार्ग ताटातून नव्हे, घड्याळातून जातो. हिवाळ्यात संध्याकाळचा सराव पाचऐवजी पावणेचारला सुरू होऊन पाचला संपला, तर मैदानावरच दुसरा डबा उघडता येतो. पोळीभाजी, वरणभात, दूध असे पुरे जेवण त्यात असावे; नुसता खाखरा नव्हे. सरावाआधी एक केळे, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्ला तरी सुमारे ३०० कॅलरी मिळतात. सकाळचा सराव सुट्टीच्या दिवशी नवकारसीनंतर ठेवावा. शाळेच्या दिवशी तो वगळावा किंवा हलक्या व्यायामापुरता राखावा. चार पालकांनी मिळून विनंती केली, तर वेळ तासभर अलीकडे आणणे बहुतेक शिक्षकांना जड जाऊ नये.

उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा. वैशाखात विदर्भाचा पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. रात्रभर पाणी न घेता पहाटे धावणे हे ताकदीचे लक्षण नसून उष्माघाताला आमंत्रण आहे. त्या दिवसांत चौविहाराऐवजी पाण्याची मोकळीक असलेला तिविहार घ्यावा, की पहाटेचा सरावच थांबवावा, हे घराने गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांशी बोलून ठरवावे.

तप आणि स्पर्धा

तालुका आणि जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धा बहुधा पावसाळ्यात व त्यानंतर होतात. श्रावण-भाद्रपदात पर्युषण आणि दशलक्षण येतात, आश्विनात नवपद ओळी येते. आयंबिल करणारी किंवा अठ्ठाईची इच्छा धरणारी मुलगी त्याच आठवड्यात धावण्याच्या स्पर्धेलाही उभी राहते, तेव्हा ती दोन तपे एकाच देहाकडून मागत असते. दोन्हींचा मान राखायचा तर त्यांना वेगळा काळ द्यावा लागतो. तपाच्या दिवसांत सराव थांबवावा; पारण्यानंतर काही दिवस केवळ हलका आहार आणि हलक्या हालचाली ठेवाव्यात; स्पर्धा त्यानंतर. वाढीच्या वयातील मुलीने अनेक दिवसांचा उपवास आरंभण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावाच. पाळी अनियमित असेल किंवा हाडाला तडा गेलेला असेल, तर त्या वर्षी स्वाध्याय, सामायिक, सेवा हे मार्ग मोकळे आहेतच.

यात परंपरेला मुरड घालण्याचा भाग नाही. सोळा भावनांत ‘शक्तितस्तप’ ही भावना स्वतंत्रपणे सांगितली आहे, म्हणजे तप शक्तीनुसार असावे. पच्चक्खाणातही आगार ठेवलेले असतात. तपाला संकल्प लागतो, जाण लागते. सरावाच्या वेळेमुळे राहिलेले जेवण, वजन वाढेल या भीतीने परत केलेली पोळी, मैत्रिणीने ‘जाड झालीस’ म्हटल्यावर सोडलेले दूध, यांत संकल्पही नाही आणि निर्जराही नाही. उरते ती फक्त झीज.

घराने विचारावयाचे प्रश्न

पाळी हा विषय बहुतेक घरांत अर्ध्या आवाजात बोलला जातो. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबली की ‘सरावामुळे होते असे’ म्हणून तो तेथेच संपतो. क्वचित सोयीचेही वाटते. परंतु पाळी ही तिच्या जमाखर्चाची सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही ती सुरू झाली नाही, किंवा सुरू असलेली सलग तीन महिने आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक आहे. एकाच जागी दोन आठवड्यांहून अधिक टिकलेले दुखणे, वर्षात दुसऱ्यांदा गेलेला तडा, सतत थकवा, अन्नाविषयी लपवाछपवी किंवा अतिरेकी मोजदाद, यांपैकी एकही खूण दुर्लक्षिण्याजोगी नाही. गावात क्रीडावैद्यकाचा तज्ज्ञ नसला तरी यवतमाळ किंवा नागपूर येथे अस्थिरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळतात.

आणि भाषा जपावी. ‘किती हलकी झालीस’ हे कौतुक म्हणून उच्चारलेले वाक्यही बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात घर करते. सर्वांसमोर वजन घेण्याची प्रथा मैदानावर असेल तर पालकांनी ती थांबविण्याची विनंती करावी. पदक आणले का, यापेक्षा आज पाय दुखला का, भूक लागली होती का, हे प्रश्न मुलीला अधिक सुरक्षित ठेवतात.

पुढल्या मार्गशीर्षातही सूर्य साडेपाचच्या पुढेमागेच मावळेल आणि आजीचा नियमही तोच राहील. पण सराव पावणेचारला सुरू झाला, तर पाच वाजून दहा मिनिटांनी मैदानाच्या कडेला आजी स्वतः डबा घेऊन उभी असेल. नातीने शेवटचा घास घेतला, पाणी प्यायले आणि डब्याचे झाकण लागले की सूर्यास्ताला अजून काही मिनिटे शिल्लक असतील.